दोन बटणांचा हॉर्न

बाळारामभाऊ माझ्या दुकानात कधी पाऊल टाकत नसत. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकल उभी करायची, एक पाय खाली टेकायचा आणि तिथूनच बोलायचं. मधून डंपर जावो नाही तर एस.टी., भाऊंचं वाक्य तुटत नसे. "इलास, बांगडा लय ताजा हाय रे! देऊ का घरी?" हे मला ऐकू यायचं, शेजारच्या औषधवाल्याला ऐकू यायचं आणि वरच्या मजल्यावर माझ्या बायकोलाही ऐकू यायचं. ती गॅलरीतूनच सांगून मोकळी व्हायची. आमच्या घरी आज काय शिजणार हे सगळ्या आळीला माझ्याआधी कळायचं.

भाऊ मासे विकायचे. खाडीकाठच्या वाडीतले कोळी. अंगाने बुटके, पोट जरा पुढे, डोक्याला रंग उडालेली टोपी. त्यांच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं की या माणसात एवढा आवाज मावतो. मावत नसेच म्हणा, सगळा बाहेर असायचा.

माझं दुकान महाडात, चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. ऑटो इलेक्ट्रिकचं काम. बॅटऱ्या, सेल्फ, हेडलाइट सगळंच करतो, पण महाड-पोलादपूर पट्ट्यात माझं नाव आहे ते हॉर्नसाठी. हे मीच सांगतो, उगाच नम्रपणा कशाला? घाटाची वळणं, पावसाळ्यात समोरचं न दिसणारं धुकं, अरुंद रस्ते. इथे कंपनीतून येणारा चपटा हॉर्न म्हणजे नुसती पिपाणी. माझ्याकडे लोक हॉर्न बदलायला येतात आणि हॉर्न मागण्याच्या पद्धतीवरून मी माणूस ओळखतो. लग्न ठरलेला मुलगा भारी आवाज मागतो. लग्न होऊन दोन वर्षं झालेला म्हणतो, असू दे आहे तोच. प्रेशर हॉर्न मागणाऱ्याला मी सरळ बाहेरचा रस्ता दाखवतो. समोरच्याला दचकवून पाडण्यासाठी हॉर्न नसतो.

आणि माझ्या दुकानासमोर रोज उभ्या राहणाऱ्या भाऊंच्या गाडीला मात्र हॉर्नच नव्हता. म्हणजे होता, पण बटण दाबलं की आतून खरखर यायची, जुन्या माणसाने घसा खाकरावा तशी. "भाऊ, बदलून देतो. घाटात जाता रोज," असं मी किती वेळा म्हटलं असेन. ते रस्त्यापलीकडून हात झटकायचे.

"हॉर्न मुक्यानं वाजवायचा रे इलास! मला आयशीनं गळा दिलाय!"

एकदा नाक्यावर हवालदाराने त्यांना अडवलं आणि हॉर्न वाजवून दाखवायला सांगितलं. भाऊंनी बटणाकडे बघितलंही नाही. मान वर केली आणि आपली आरोळी ठोकली. हवालदाराच्या तोंडातली शिट्टी गळून दोरीला लोंबकळली. "जावा, पण आठ दिवसांत बसवून घ्या," एवढंच तो बोलू शकला. भाऊंनी अर्थातच बसवून घेतला नाही. वर हा किस्सा ते मलाच ऐकवत, माझ्या दुकानासमोर, माझ्या गिऱ्हाइकांदेखत.

ही आरोळी होती म्हणून त्यांचा धंदा होता. पहाटे महाडच्या बाजारातून माल उचलायचा, क्रेटमध्ये बर्फ घालून मागे बांधायचा, पोलादपूरला चहा घ्यायचा आणि मग आतल्या खोऱ्यात शिरायचं. तिथले रस्ते खाली आणि वाड्या वर डोंगराच्या पोटात. घराघरातली कर्ती माणसं मुंबईला. मागे म्हातारी माणसं, सुना आणि गुरं. दुकान नाही, बाजार नाही. भाऊ प्रत्येक वाडीच्या खालच्या वळणावर गाडी लावत आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वर तोंड करत.

"म्हावरं आयलं गोऽऽऽ!"

मी एकदा सडेवाडीला एका जीपचा सेल्फ बघायला गेलो होतो तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलं. आरोळी डोंगराला जाऊन थडकली आणि वरून पायवाटेने बायका उतरू लागल्या, हातात ताटं, पातेली, कुणाच्या हातात नुसता टोप. भाऊ नुसती आरोळी देऊन थांबत नसत. नावानिशी हाक मारत. "भागाबायऽऽ! तुझी मांदेली आली गो! दातांचं काम नाय, गिळून टाक नुसती!" आणि भागाबाय, पंचाहत्तरीची, काठी टेकत, खाली पोचेपर्यंत भाऊंना शिव्या घालत यायची. मग घासाघीस सुरू व्हायची. ती दोन्ही बाजूंनी अशी जोरात चालायची की पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यालाही बांगड्याचा भाव कळावा. एखादी म्हणाली, "कालचा दिसतोय मासा," की भाऊ छातीवर हात मारत. "कालचा निघाला तर मला तळून खा! पण तेल जास्त लागंल, सांगून ठेवतो!" बायका हसत आणि विकत घेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींशी दिवसभरात तेवढंच कुणीतरी मोठ्याने बोललेलं असे.

मग एका उन्हाळ्यात भाऊंचा आवाज बसला. त्यांनी आधी आल्याचा रस घेतला, मग ज्येष्ठमध चघळलं, मग कुणी सांगितलं म्हणून हळदीच्या गुळण्या केल्या. आवाज काही उठला नाही. त्यांचा मुलगा नितेश मुंबईला कंपनीत नोकरीला. तो येऊन त्यांना घेऊन गेला. तिथे मोठ्या इस्पितळात घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली फक्त कुजबुज, तीही अगदी कानाशी तोंड नेल्यावर कळणारी.

हे सगळं मला उडत उडत समजलं होतं. एका सकाळी मी बॅटरीवर वाकून तारा घट्ट करत होतो आणि खांद्यावर हात पडला. मागे वळलो तर बाळारामभाऊ. दुकानाच्या आत. गळ्याला रुमाल बांधलेला, अंगावरचा सदरा ढगळ झालेला. त्यांना बसायला स्टूल दिलं, ते बसले नाहीत. माझा कान आपल्याकडे ओढून म्हणाले,

"मुका झालो रे इलास. आता बसव हॉर्न."

आणि हसले. आवाज न येता हसणारे भाऊ मी प्रथमच पाहत होतो.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं ते असं. नितेश म्हणतो, बाबा, आता धंद्याचं टेन्शन घेऊ नका, आईला घेऊन मुंबईला या, माझ्याकडे राहा. पोरगा वाईट नाही, प्रेमानेच बोलावतोय. पण तिथे जाऊन करायचं काय? खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी बघायची. भाऊंनी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर वाड्यांवरचा धंदा पुन्हा उभा राहिला तर इथेच राहायचं, नाही तर गाडी विकून मुंबई. "हितं मला लोक वळखतात," ते कुजबुजले. "तिथं मला लिफ्टवाला इचारतो, कोन पायजे?"

मी कामाला लागलो. जुना चपटा हॉर्न काढून फेकला. त्याच्या जागी शंखाच्या आकाराचे दोन हॉर्न, एक भारी आवाजाचा, एक बारीक. जुनी तार एवढा भार सोसणार नव्हती, बटण जळून गेलं असतं. म्हणून बॅटरीपासून थेट जाड तार ओढली, मध्ये फ्यूज आणि भार झेलणारा रिले घातला, बॅटरीही नवी टाकली. शंखांची तोंडं खालच्या बाजूला वळवली, नाही तर पावसाचं पाणी साचून पहिल्या आठवड्यातच घसा बसला असता. भाऊंनी बटण दाबलं. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, औषधवाला बाहेर येऊन बघायला लागला. भाऊंनी अंगठा वर केला आणि निघाले. मी बायकोला म्हटलं, बघ, माणूस मार्गाला लावला.

माझी ही ऐट चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक म्हातारी उभी राहिली. काठी, अंगावर घरातलंच जुनं लुगडं, आणि काखेत स्टीलचं रिकामं ताट.

"हॉर्नवाला तो तूच का रे?"

मी हो म्हटलं. ती भागाबाय होती.

"परवा हॉर्न वाजला. म्या म्हटलं येष्टी आली. बॅंकेत जायचं व्हतं. लुगडं बदलून, पिशवी घेऊन पळत खाली आले तर ह्यो बाळाराम मासं घेऊन उभा! येष्टी नाय नि काय नाय. माझ्यासारख्या अजून चारजणी, पिशव्या घेऊन. आमी लय चिडलो, मासं पन घेतलं नाय."

"आणि आज?" मी भीत भीत विचारलं.

"आज म्हटलं बाळारामच आसंल. ताट घेऊन खाली आले तर समोर येष्टी! कंडक्टर बोलतो, आजी, ताट घेऊन कुठं निघालाव? दिसातून एकदाच येती गाडी, परत वर जाऊन पिशवी आनते तवर थांबतोय का तो? बसले तशीच. आता ह्या ताटाचं काय करू, तुझ्या डोक्यात घालू?"

मी तिला पाणी दिलं, चहा पाजला, ताट ठेवायला एक पिशवी दिली. घाव मात्र माझ्या वर्मी बसला होता. भाऊंना हॉर्न नको होता, त्यांना त्यांचा आवाज हवा होता, आणि मी त्यांच्या गळ्यात एस.टी.चा आवाज घालून मोकळा झालो होतो. या पट्ट्यातला हॉर्नचा उस्ताद म्हणवतो आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

संध्याकाळी भाऊ आले तेव्हा मी त्यांच्या हातातून किल्लीच काढून घेतली. दोन शंख एकाच बटणावर एकदम बोलत होते, ते मी वेगळे केले. भारी आवाज डाव्या अंगठ्याखाली, बारीक आवाज उजव्या. उजव्या मुठीजवळ एक जास्तीचं बटण बसवलं, त्याला वेगळा रिले. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. म्हटलं, "भाऊ, आता यातून कसं बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. जीभ मी दिली, बोली तुमची."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं सावित्री नदीच्या काठी, वस्तीपासून लांब गेलो. सुरुवातीला जे काही निघालं ते ऐकून दोन बस एकमेकींशी भांडताहेत असं वाटत होतं. म्हशी पाण्यातून उठून निघून गेल्या. भाऊंनी हात झटकले, पुन्हा हँडल धरलं. ओठ हलवत होते ते मला दिसत होतं. मनातल्या मनात आरोळी द्यायची आणि अंगठे तिच्यामागून न्यायचे. भारी, भारी, बारीक. पुन्हा. पुन्हा. मी दगडावर बसून कंटाळलो होतो. आणि मग एकदम ते आलं. दोन ठोके भारी, एक बारीक, पुन्हा दोन भारी, आणि शेवटी बारीक आवाजाचा लांबच लांब हेल. "म्हावरं आयलं गोऽऽऽ!" शब्द नव्हते, पण बाकी सगळं तेच. तोच ठेका, तोच शेवटचा उनाडपणा. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ माझ्याकडे बघत होते, त्यांना विचारायची गरज पडली नाही.

त्यानंतर ते थांबतात होय! प्रत्येक वाडीसाठी त्यांनी वेगळी चाल बसवली, जुन्या गिऱ्हाइकांना वेगळी हाक. भागाबायसाठी तीन आखूड ठोके आणि मग चिडवल्यासारखा एक बारीक. कानाशी येऊन मला म्हणाले, "शिव्या पन बसवल्यात. पन त्या तुला नाय ऐकवत, तू बायकोला शिकवशील."

दिवाळीला नितेश आला. आल्या आल्या माझ्याकडे. "काका, बाबा बोलतात धंदा सेट झालाय. खरं काय ते सांगा. मला त्यांचं टेन्शन येतं हो. रस्त्यात काही झालं तर ते मदतीला हाक पण नाही मारू शकत." त्याची काळजी खोटी नव्हती. मी सांगत बसलो नाही. त्याला माझ्या गाडीवर मागे बसवलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊंच्या मागोमाग निघालो.

सडेवाडीच्या वळणावर भाऊंनी गाडी लावली. आरोळी वाजवली. काही नाही. नितेश माझ्याकडे बघायला लागला. भाऊंनी घाई केली नाही, टोपी नीट केली आणि भागाबायची हाक वाजवली, शेवटचा चिडवणारा ठोका जरा जास्तच लांबवून.

"आले रे मेल्या!" वरून झाडीतून आवाज आला. "जरा दम धर! गुडघं तुझ्या बापानं दिल्यात का?"

मग एकामागून एक सगळ्या उतरल्या. भाऊंभोवती घोळका झाला. मी आणि नितेश दोन पावलं मागे होतो आणि आम्हांला काहीच ऐकू येईना. जरा पुढे सरकलो तेव्हा उलगडलं. भाऊ कुजबुजत होते, आणि त्यांच्याशी बोलता बोलता त्या सगळ्याजणीही कुजबुजत होत्या. भागाबायसुद्धा! साऱ्या डोंगराला ऐकवत घासाघीस करणारी ती बाई भाऊंच्या कानाशी तोंड नेऊन बारीक आवाजात म्हणत होती, "लय महाग लावलास रे बाळाराम." दुसरी तशीच हळू म्हणाली, "मला कोलंबी घाल थोडी." घोळक्यात एकीलाही कळत नव्हतं की आपण असं बोलतोय. देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तसा तो मासळीबाजार चालला होता.

बायका वर गेल्यावर नितेश भाऊंजवळ गेला, वाकला आणि तितक्याच हळू म्हणाला, "बाबा, तुम्ही इथंच ऱ्हावा. तपासणीला मी न्यायला येत जाईन."

भाऊंनी त्याचा कान पकडून जवळ ओढला.

"मोठ्यानं बोल की रे. गळा गेलाय माझा, कान नाय गेलं."

पुढे काही वर्षं तो हॉर्न त्या खोऱ्यात फिरला. शंख मी दोनदा बदलले, बटणं कितीदा बदलली त्याचा हिशोब नाही. भाऊंचे अंगठे भारी होते. दुकानात आता ते आत येऊन बसत. चहा पीत, आणि मला जवळ ओढून गिऱ्हाइकांबद्दल जे काही कुजबुजत ते इथे लिहिता येणार नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता जुनं दुखणं उलटलं. नितेशने धावपळ केली, पण भाऊंनी मुंबईला जायला नकार दिला आणि एका सकाळी आपल्या घरी, वहिनींच्या आणि पोराच्या समोर गेले. आम्ही त्यांना नदीकाठी पोचवून आलो. मी दोन दिवस दुकान उघडलं नाही, हात चालतच नव्हते.

दुकान उघडल्यावर आठवडाभरातच एक गृहस्थ आले. वयाने माझ्याएवढे, गाडीला मागे क्रेट बांधलेला. भाऊंच्या वाड्यांवर आता ते मासे न्यायला लागले होते. चेहरा पडलेला. "रोज वर जातोय, हॉर्न वाजवून वाजवून थकलो, पन एक मानूस खाली उतरत नाय. माल परत आनतोय. त्यांच्या गाडीला तुमी बसवला व्हता ना, दोन बटणांचा? तसलाच द्या बसवून. त्याशिवाय त्या बाया येणार नायत."

मी कपाटातून दोन नवे शंख काढून काउंटरवर ठेवले. तेवढ्यात भागाबाय आली. त्या ताटाच्या प्रकरणापासून महाडला आली की ती माझ्याकडे पाणी प्यायला टेकायची. मी तिला पेला दिला आणि सहज विचारलं, "आजी, यांचा हॉर्न वर ऐकू येत नाही का हो?"

"येतो की. बहिरी हाय का मी?"

"मग खाली का उतरत नाही कुणी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या परदेशातून आलोय. पेला खाली ठेवला.

"बाळारामाचं तेरावं कुठं झालंय अजून? सुतकात म्हावरं शिजवायचं काय घरात?"

भाऊ खाडीकाठचे कोळी. सडेवाडी डोंगरातली, कुणब्यांची. ना भावकी, ना सोयरीक, ना गाव एक. मी म्हटलं, "आजी, त्यांचं सुतक तुम्हांला कसं?"

"आमाला नाय तर कुनाला?" ती म्हणाली.

"वाडीने ठरवलंय का असं?"

"ठरवायचं काय त्यात?"

तिने पदर सावरला, काठी घेतली आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून गेली. ते मासेवाले गृहस्थ स्टुलावर बसून होते, मान खाली घालून. मी दोन्ही शंख पुन्हा त्यांच्या खोक्यात घातले आणि खोकं कपाटात ठेवलं.

"तेरावं होऊ द्या," मी त्यांना म्हटलं. "मग या. बसवून देतो."